किंकीशचं पोर

बॅन्शाजवळ, टिपेररी
२ मे १९३७

प्रिय गॉबनेट,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, आणि तेव्हापासून ते माझ्या टोपीच्या अस्तरात बसून गावोगाव हिंडतंय. टोपी काढली की दिसतं. रोज म्हणतो आज लिहू, आणि रोज काहीतरी निघतंच. एकदा शाई नव्हती. एकदा शाई होती, पण बाजारात एक माणूस जिवंत बेडूक गिळून दाखवत होता, आणि असं रोज कुठे बघायला मिळतं? पण खरं सांगायचं तर तू जे विचारलंस त्याला हात लावायला नको वाटत होतं, म्हणून टाळलं.

तू आई होणार याचा आनंद झाला, हे आधी लिहायला हवं होतं. झाला. खूप झाला. पण तुझ्या सासूने बोटं मोजून बाळाचा दिवस नेमका किंकीशच्या रविवारी काढलाय म्हणतेस, आणि मी दारोदार फिरतोय तर लोकांकडे त्यावर काय उतारा आहे ते विचारून कळव म्हणतेस. किंकीशला, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, जन्मलेलं पोर मोठेपणी कुणाला तरी मारतं, नाहीतर कुणाच्या तरी हातून मरतं. हे मला कोणी सांगायला नको. जन्मापासून मी तेच पोर आहे. डुक्कर कापायच्या दिवशी मला घराबाहेर काढायचे, आठवतं? कड्यावरून चालताना कुणी माझ्या पुढे चालायचं नाही. आणि बाबांची बोटीतली जागा माझी असून चुलतभावाला गेली, कारण बॅट सिगर्सन म्हणाला, किंकीशचं पोर माझ्या बोटीत पाय ठेवणार नाही. तुझ्या पोटातलं पोर मुलगा निघालं तर बापानंतर, फ्लरीनंतर, त्याच बोटीत त्याची जागा. म्हणून तुला घोर लागलाय. कळतं मला.

तर ऐक. मी सध्या मॅलकी हॅकेट नावाच्या म्हाताऱ्याकडे आहे. त्याचा एक पैदाशीचा घोडा आहे, काळा, कोठारासारखा अवाढव्य. नाव बिशप. वसंतात तो शेतोशेती न्यायचा, लोकांच्या घोड्या फळवायच्या, संध्याकाळी पुढच्या गावाला. मॅलकी छकड्यात बसतो आणि मी घोडा धरून चालतो. मला चालायला आवडतं आणि बिशपला माझं बोलणं आवडतं, म्हणजे निदान तो अडवत तरी नाही.

काल मेची पहिली. सकाळी मॅलकीचा पाइप विझला, काड्या ओल्या. समोर एक घर दिसलं, धुराडं चालू. मी दार वाजवून म्हणालो, "बाई, एक निखारा देता का?"

शब्द तोंडातून गेला आणि मला आठवलं आज कुठला दिवस. आपल्याकडेसुद्धा मेच्या सकाळी घराबाहेर विस्तव जात नाही की दूध जात नाही. बाई आतून रवी उगारूनच आली.

"निखारा? आज? म्हणजे वर्षभराचं लोणी तुझ्या घरी आणि आम्ही ताक पीत बसायचं! कुठल्या बयेनं पाठवलं तुला?"

"कुणी नाही हो. पाइप पेटवायचाय."

"तुझ्या तोंडात पाइप कुठाय?"

मागे कुंपणाआड मॅलकी पोट धरून हसत होता. "मला वाटलं, केरीच्या माणसाला एवढं तरी कळत असेल," असं वर त्या बाईदेखत मला म्हणाला. शेवटी बाईनं, तिचं नाव मिसेस लूबी, मला आत घेऊन लोणी निघेपर्यंत घुसळायला लावलं. चोर असशील तर तुझ्याच हातानं नशीब परत घाल, म्हणाली. खांदे अजून दुखतायत. पण घुसळताना तुझं विचारून घेतलं.

तिच्याकडे असं करतात. बाळाच्या मुठीत माशी ठेवून मूठ दाबायची. माशी मेली, म्हणजे त्याच्या हातून जो मरायचा तो मेला. आणि मरणाचा उतारा हवा असेल तर उथळ खड्डा खणून बाळाला त्यात निजवायचं, वर गवताचं ढेकूळ धरायचं आणि लगेच उचलायचं. म्हणजे ते एकदा पुरलं गेलं. हे सांगता सांगता तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा जन्म कधीचा रे?" मी नोव्हेंबर सांगितला.

एक विचारायचंय. माझ्यावर काय केलं होतं, माशी की खड्डा? आई कधीच बोलली नाही. तुझी सासू माझ्या जन्माच्या वेळी आपल्या घरात होती ना? विचारून बघ.

तुझा,
कॉर्नी


बॅलीनारीग, केरी
७ मे

प्रिय कॉर्नी,

बेडूक गिळणाऱ्या माणसापुढे बहिणीचं काय चालणार! पण लिहिलंस, बरं वाटलं. फ्लरीला मिसेस लूबीचं वाचून दाखवलं. तो इतका हसला की चहा जाळ्यावर सांडला. आता जाळं धुवायला नको म्हणतोय, माशांना चहा आवडेल.

माशीला माझी ना नाही. एक सोडून दहा चिरडा. पण इथे माशी कुणी मानत नाही. सासूला खड्डाच हवा. तिचा भाऊ बॅट, तोही खड्ड्याशिवाय ऐकणार नाही, कारण खड्डा शेजाऱ्यांना डोळ्यांनी दिसतो. आणि बोट बॅटची असली तरी बॅट माझ्या सासूच्या, हनोराच्या मुठीत आहे हे तुला माहीत आहे.

मला खड्डा नको. वेडी समजूत म्हणून नव्हे. नॉरा डिलनचं बाळ आठवतं? समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला, आणि त्या ओल्या मातीत त्याला निजवलं. आठवड्यात छातीत कफ भरून गेलं. लोक म्हणाले, किंकीशनं नेलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, किंकीशनं नाही, मातीनं नेलं. पण माझं कोण ऐकतंय.

आता तुझं. मी सासूला विचारलं. ती अंगणात कोंबडीची पिसं काढत होती.

"कॉर्नीला?" म्हणाली. "काही नाही केलं. तुझा बाप म्हणाला, माझं पोर मातीत ठेवाल तर तुम्हालाच ठेवीन. म्हणूनच तर बिचाऱ्याचं असं झालं."

"रविवारी जन्मला हे नक्की?"

"अगं, मी दिवा धरून उभी होते. किलार्नीहून ती नवी नर्स आलेली, छातीवर घड्याळ लावलेली. पोर रडलं आणि तिनं घड्याळ पाहून सांगितलं, 'नुकतेच बारा वाजून गेले. रविवार लागला.' मीच बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं."

आणि कॉर्नी, तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. त्याच उन्हाळ्यात सरकारनं पहिल्यांदा घड्याळं एक तास पुढे ढकलली होती ना? तेव्हापासून ही बाई त्या वेळेला हात लावत नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून "देवाच्या वेळेवर" चालतं, आणि आम्ही साऱ्या गावाच्या मागाहून जेवतो.

मी विचारलं, "नर्सचं घड्याळ कुठल्या वेळेचं होतं, आई? आपल्या की सरकारच्या?"

"सरकारी बाई, सरकारी वेळ."

"मग देवाच्या वेळेनं किती वाजले होते?"

पिसं काढणारा हात थांबला. तिनं बोटावर एक तास मागे मोजला. मग म्हणाली, "अकरा." आणि जरा वेळानं, "शनिवार." मग उठली, अर्धवट सोललेली कोंबडी मला दिली आणि गाईकडे गेली. दूध काढायची वेळ नव्हती.

कॉर्नी, तिच्या स्वतःच्या घड्याळानं तू शनिवारचा आहेस! तू किंकीशचं पोर नाहीसच. मी हसू की रडू? बॅटला सांगू का? काय ते लगेच कळव. हे पत्र टोपीत ठेवू नकोस.

तुझी,
गॉबनेट


बॅन्शाजवळ
११ मे

प्रिय गॉबनेट,

टोपीत ठेवलं नाही. हातात धरून चालत होतो आणि वाचता वाचता बिशपला भलत्याच शेतावर घेऊन गेलो. तिथे घोडी नव्हतीच. एक विधवा आणि तिची मेंढरं होती. मेंढरं बिशपला बघून गप्प झाली. विधवेनं मात्र चहा पाजला.

शनिवार! काय करायचं या शनिवारचं, तेच कळेना. कुणीतरी येऊन सांगावं, तुझ्या पायातले बूट तुझे नाहीत, बदलून दे, तसं वाटतंय. पण इतकी वर्षं त्यातच चाललोय की पाय त्यांच्या मापाचे झालेत. मला चाकू हातात घ्यायला अजून संकोच वाटतो, माहीत आहे? इथे कुणाला काही ठाऊक नाही, तरी भाकरी कापायला मी दुसऱ्याला देतो. सकाळी मुद्दाम कापून बघितली. बोट कापलं. माझंच.

बॅटला सांगायचं असेल तर सांग. तो काय म्हणतो याची मला उत्सुकता आहे, आशा नाही. पण शनिवारचा उपयोग तुझ्या बाळाला नाही. ते भर दुपारी जन्मलं तर कुठलंच घड्याळ मदतीला येणार नाही. म्हणून पुढचं नीट वाच.

मी हे सगळं मॅलकीला सांगितलं. माझा जन्म, घड्याळ, तुझ्या अंगणातली कोंबडी, सगळं. तो नेहमीसारखा हसला, आणि मग मधेच थांबला. छकड्यातून उतरून माझ्याशेजारी चालायला लागला. तो कधी चालत नाही.

"पोरा, तोंड बंद ठेवशील?"

"ठेवीन."

"बिशप किंकीशच्या रविवारचा आहे. लोक चर्चमध्ये होते तेव्हा जन्मला. मी एकटाच तबेल्यात होतो."

मी बिशपकडे बघितलं. तो चालता चालता कडेची पिवळी रानफुलं खात होता.

"पण तुम्ही तर सगळ्यांना गुरुवार सांगता."

"मग काय सांगू? किंकीशचा घोडा म्हटल्यावर कोण आपली घोडी आणेल? पहिली दोन वर्षं मी त्याच्या मागच्या पायांपासून चार हात दूर राहायचो. वाट बघत होतो, आज मारतो की उद्या. नाही मारलं. एकदा शेतकऱ्याचं रांगतं पोर त्याच्या पोटाखाली जाऊन झोपलं. हा पठ्ठ्या ते उठेपर्यंत हलला नाही. त्याच दिवशी माझी भीती गेली. आता त्याला काही होईल म्हणून भितो, एवढंच."

म्हणजे बघ, मी किंकीशचा नसून किंकीशचा म्हणून वाढलो, आणि हा असून कुणाला पत्ता नाही. मॅलकीनं माझ्याकडून वचन घेतलंय आणि मी ते तुला लिहून मोडतोय. सासूला वाचून दाखवावं लागलं तर दाखव. पण हे बॅन्शाच्या शेतकऱ्यांच्या कानावर गेलं तर मॅलकीचा हंगाम बुडेल, हे तिला बजाव.

खड्डा होऊ देऊ नकोस, गॉबनेट.

तुझा शनिवारचा भाऊ,
कॉर्नी


बॅलीनारीग
१८ मे

प्रिय कॉर्नी,

मुलगा झाला. रविवारी. किंकीशच्या भर रविवारी, घंटा वाजून लोक चर्चमध्ये गेले आणि मला कळा सुरू झाल्या, आणि ते परत यायच्या आत हा आला. लख्ख ऊन होतं. दोन्ही घड्याळांनी रविवार.

काल फादरनं पाणी घातलं. नाव विचारल्यावर सासूनं तोंड उघडलं, पण मी आधीच निरोप पाठवला होता: कॉर्नेलियस. तुझंच. बाप्तिस्म्याला तुझ्या जागी फ्लरीचा भाऊ उभा राहिला. गावात कुजबुज झाली की किंकीशच्या पोराला किंकीशच्या मामाचं नाव दिलं. होऊ दे.

बॅटला तुझं सांगितलं होतं. तो काय म्हणाला ऐक: "शनिवार असो की रविवार, समुद्र त्याला इतकी वर्षं किंकीशचा म्हणून ओळखतो. समुद्राला घड्याळ कोण दाखवणार?" तुझा अंदाज बरोबर निघाला. मला मात्र त्याच्या डोक्यात वल्हं घालावंसं वाटलं.

आता खड्ड्याचं. सासूनं तो शनिवारीच खणून ठेवला होता, कोबीच्या वाफ्याच्या कडेला, माझ्या खिडकीतून दिसेल असा. आठवड्यात व्हायलाच हवं म्हणते, नाहीतर उपयोग नाही. बाप्तिस्म्यापुरतं सोडलं तर बाळ मी कुशीतून खाली ठेवलेलं नाही. रविवारी संध्याकाळी ती खाटेशी येऊन उभी राहिली.

"क्षणभर, पोरी. तोंडावर मातीसुद्धा नाही पडायची."

"क्षणभरही नाही."

"माझा नातू आहे तो. मी काय त्याची वैरीण आहे?"

"नॉरा डिलनची सासूपण वैरीण नव्हती."

मग मी तुझं पत्र काढून वाचलं. घोड्याचं सगळं. ती शेवटपर्यंत उभीच होती.

"घोड्याबद्दल टिपेररीचा माणूस खरं बोलला, असं माझ्या आयुष्यात घडलं नाही," म्हणाली.

"कॉर्नी तर खरं बोलतो."

"कॉर्नीला जे सांगितलं ते त्यानं लिहिलं. मलासुद्धा नर्सनं असंच एक सांगितलं होतं, आणि मी बाहेर जाऊन तेच सगळ्यांना सांगून आले." आणि मग पुटपुटली, "न बघता."

आज सकाळी दूध काढून झाल्यावर तिनं चांगले बूट घातले, काळी शाल घेतली आणि काहरसिव्हीनला चहा नि दोरा आणायला जाते म्हणाली. जाताना म्हणाली, "मी येईपर्यंत खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही, बुजवायचाही नाही." संध्याकाळ झाली, अजून परतली नाही. किंकीशच्या आठवड्यात समुद्र माणसं ओढतो म्हणतात, म्हणून पाण्याच्या कडेनं कुणी चालत नाही, बोटी सगळ्या वर ओढलेल्या, आणि ती एकटी त्या किनाऱ्याच्या वाटेनं गेलीय. फ्लरी बघायला गेलाय. मी इथे बाळ घेऊन खिडकीशी बसलेय आणि, देवा क्षमा कर, मला तिची काळजी वाटतेय.

तुझी,
गॉबनेट


बॅन्शाजवळ
२० मे

प्रिय गॉबनेट,

मामा झालो! कॉर्नेलियस! मॅलकीनं शेतावरच्या सगळ्यांना सांगितलं आणि प्रत्येकानं मला पाठीत एक गुद्दा घातला, इकडची रीत आहे म्हणे. मला वाटतं मॅलकीनं ती तिथल्या तिथे काढली.

सासूची काळजी करू नकोस. ती तिच्या बहिणीकडे गेली असेल, ती ग्लेनबेला असते ना? बॅटशी भांडण झालं की ती तिकडेच जाते. भांडण झालं असणारच. किंवा फादरकडे, सल्ला विचारायला. तिकडे म्हणे एक नवा तरुण फादर आलाय, जो मोटरसायकलवरून फिरतो आणि मागे पाव्हणेमंडळींना बसवतो. हनोरा मोटरसायकलवर! हे डोळ्यांपुढे आलं आणि अर्धा तास काही लिहिता आलं नाही.

खड्ड्याचं सांगतो. ती परत आली आणि हट्टालाच पेटली तर फ्लरीला मधे उभं कर. तो आईपुढे तोंड उघडत नाही हे मला माहीत आहे, पण उभं तर राहता येतं. आणि मी येतो. बॅटच्या बोटीसाठी नाही, ती त्यालाच लखलाभ. पुढचा हंगाम इथे…

थांब जरा. फाटकात कोणीतरी आलंय, मॅलकीचा आवाज चढलाय. बघून येतो.

गॉबनेट, हनोरा आलीय.

खरंच. काळी शाल, चांगले बूट, हातात चहाचा पुडा. मॅलोच्या स्टेशनात गाडी तिच्या "देवाच्या वेळेची" वाट न बघता निघून गेली, म्हणून दुसऱ्या गाडीपर्यंत बाकावर बसून राहिली. मला बघून म्हणाली, "काय रे शनिवारच्या, किती वाळलास!" एवढंच. पण ते म्हणताना तिनं माझा हात धरला, आणि सोडला नाही. माझा हात असा धरलेला मला आठवत नाही.

मग विचारलं, "घोडा कुठाय?"

मॅलकी पांढराफटक. "कुठला घोडा, बाई? गुरुवारचा घोडा आहे माझा."

"तुझ्या आईच्या आत्म्याची शपथ घेऊन गुरुवार म्हण."

मॅलकीनं टोपी काढली, पुन्हा घातली. आजूबाजूला कोणी शेतकरी नाही बघून घेतलं. "रविवार," म्हणाला. "पण कुणाला सांगू नका."

"मला कुणाला काय सांगायचंय? आधी बघू दे."

मी हे तबेल्याच्या दारात उभा राहून, भिंतीवर कागद धरून लिहितोय, अक्षर म्हणून असं. ती आत गेली. बिशपच्या पुढून नाही, मागून. मॅलकी ओरडला, "बाई, तिकडून नको!" तिनं ऐकलं नाही. शाल खोचली, वाकली आणि त्याचा मागचा पाय खुरापाशी धरून उचलला, जसा लोहार उचलतो. केवढी ती बाई आणि केवढा तो घोडा. बिशपनं एक कान मागे वळवला. मान वळवून तिला हुंगलं. मग पुन्हा गवत खायला लागला.

ती तशीच उभी आहे, खूर मांडीवर घेऊन. रडतेय की काय कळत नाही, तिची पाठ माझ्याकडे आहे. आता बोलली.

"लिहितोयस ना? मग लिही तिला. खड्डा बुजवून टाक म्हणावं, आणि वर कोबी लाव. बॅटचं मी बघते."

कॉर्नी